बसण्या-बसण्यातला फरक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माघाचे दिवस होते. आमच्या वाईपासून धोम धरणाच्या बाजूला गेलं की डोंगराच्या कुशीत लहान लहान गावं लागतात. त्यातल्याच एका गावात एका आजींच्या ओसरीवर मी मांडी घालून बसले होते. मांडीवर दोनशे पानी वही, शेजारी रेकॉर्डिंग चालू ठेवलेला मोबाईल. आजी जात्यावरच्या ओव्या सांगत होत्या आणि मी भराभर लिहून घेत होते. किती वेळ गेला कळलंच नाही. सून चहा घेऊन आली तेव्हा घड्याळ पाहिलं, तर चक्क अडीच तास झाले होते.

"चला, निघते आता," म्हणत उठायला गेले आणि कंबरेत अशी काही कळ आली की डोळ्यांपुढे काजवेच चमकले. ना सरळ होता येईना, ना परत खाली बसता येईना! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी मात्र जमिनीला हातही न लावता टुणकन उठल्या आणि मला हात देत म्हणाल्या, "अगं पोरी, म्या जात्यावर बसून म्हातारी झाली, तू वहीवर बसूनच झालीस की गं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते हसू फार काळ टिकलं नाही. त्या रात्री मी अंथरुणावर पडले, ती जवळजवळ तीन महिने धड उठलेच नाही.

आजवर मी या पानावर बचत गटांबद्दल लिहिलं, रेशनकार्डाच्या फेऱ्यांबद्दल लिहिलं. आज जरा स्वतःबद्दल लिहिते. कारण परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "तू घर सांभाळतेस, गटांचं काम करतेस आणि वर लिहितेस. हे सगळं जमतं कसं?" खरं सांगू? मला वाटत होतं तसं ते जमत नव्हतंच. त्याची किंमत नुसत्या माझ्या कंबरेनं मोजली असती, तर एवढं वाईट वाटलं नसतं. ती दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

ओव्यांचं वेड

मराठी विषय घेऊन बी. ए. झाले आणि लगेच लग्न झालं. त्यानंतर पंधरा वर्षं माझं लिखाण म्हणजे किराणा मालाची यादी आणि मुलांचे निबंध! पुढे बचत गटाच्या कामाला लागले आणि तालुक्यातली गावं पायाखाली आली. गटाची बैठक संपली की तरण्या बायका आपापल्या कामाला पळतात, म्हाताऱ्या मात्र बसून राहतात. अशाच एका दुपारी एका आजींनी बोलता बोलता ओवी गुणगुणली. त्यात लेकीचं सासर होतं, नदीला आलेलं पाणी होतं, पाठीराखा भाऊ होता. दोन ओळींत अख्खा संसार! मी थक्क झाले. शेजारच्या पोरीला विचारलं, "तुला येते का गं एखादी?" ती म्हणाली, "आमच्या घरात जातं आता तुळशीपाशी पालथं पडलंय."

तेव्हाच ठरवलं, आपल्या भागातल्या ओव्यांची एक छोटी पुस्तिका करायची. हे काही मी नवीन करत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ या दोघांनी आपल्या सहकारी बायकांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनं २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. त्या हिमालयापुढे माझी दोनशे पानी वही म्हणजे खडाच. पण आपल्या गावाचा खडा आपणच उचलायचा ना?

ओसरीवरच्या त्या आजी म्हणजे तर खाणच होती. सासरी आल्यापासून रोज पहाटे तीनला उठून दळण. आठ-दहा माणसांचं घर. एकदा मी कौतुकानं म्हटलं, "आजी, म्हणूनच तुमची तब्येत अशी ठणठणीत!" तर त्या फटकन म्हणाल्या, "कसली ठणठणीत? खांदं भरून यायचं. रडू फुटायचं, पण रडलं तर सासू आयकंल, म्हणून गायाचं." मी गप्पच झाले. जुन्या बायकांचे कष्ट म्हणजे व्यायाम होता, असं आपण किती सहज बोलून जातो! ती सक्ती होती. त्यातून ओवी निघाली, हा त्या बायकांचा मोठेपणा.

त्या दिवशीपर्यंत त्यांच्याकडून एकसष्ट ओव्या लिहून झाल्या होत्या. निघताना आजी म्हणाल्या होत्या, "अजून लई हाईत. म्होरल्या बारीला सांगते."

"बसायला वेळ कुठे मिळतो!"

डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. मणक्यांमधली एक गादी थोडी सरकली होती. ऑपरेशनची गरज नव्हती. औषधं, थोडी विश्रांती आणि मग व्यायाम. व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, दिवसातून किती तास बसता?"

मी जवळजवळ भांडलेच तिच्याशी. "अगं, मी? बसायला वेळ कुठे मिळतो मला! पहाटेपासून रात्रीपर्यंत पायाला भिंगरी असते."

ती हसली आणि म्हणाली, "तीन दिवस लिहून ठेवा. जेव्हा जेव्हा बसाल, तेव्हा तेव्हा किती मिनिटं, ते."

लिहून ठेवायची मला सवयच. तीन दिवस इमानदारीनं लिहिलं. सकाळी चहा आणि पेपर, अर्धा तास. भाजी निवडणं, वीस मिनिटं. स्कूटी आणि एस. टी. धरून दीड तास. गटाची बैठक, दीड तास. दुपारी लिखाण, दोन तास. व्हॉट्सअॅपवर गटांचे निरोप, पाऊण तास (मला वाटत होतं दहा मिनिटं!). रात्री सासूबाईंबरोबर मालिका, एक तास. वर रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा वही. बेरीज केली तर एका दिवसाचे आठ तास भरले! आणि उरलेल्या वेळेत ओट्यापुढे एकाच जागी उभं राहणं. जिला आपण धावपळ म्हणत होतो, ती मनाची धावपळ होती. शरीर जागच्या जागीच होतं.

मग मला नादच लागला. कुठे काय माहिती मिळते ते शोधून वाचायला लागले. तेव्हा कळलं की लिहिणाऱ्यांचं हे दुखणं फार जुनं आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कारकून आणि लेखनिकांच्या दुखण्याची त्यानं तीन कारणं दिली आहेत: सतत बसणं, हाताची एकसारखी तीच तीच हालचाल आणि मनावरचा ताण. तीनशे वर्षं झाली, बोरू जाऊन लॅपटॉप आला, कारणं मात्र तीच!

दुसरी गोष्ट लंडनची. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतार करणारा. कंडक्टर मंडळींमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी निघालं. हे वाचलं आणि मी माझ्या घराकडे पाहिलं. अख्ख्या घराची गाडी मीच चालवते, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसून!

चोरलेला वेळ

एक प्रश्न मात्र मला सोडेना. मी रात्री अकरा ते एक का लिहीत होते? अंथरुणावर, उशीला टेकून, मान मोडून का लिहीत होते? घरात टेबल नाही असं नाही. मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे, ह्यांचं हिशेबाचं टेबल आहे. माझं नाही. आणि मी ते कधी मागितलंही नव्हतं.

आपल्याकडे बायकांचं लिखाण असंच झालंय. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी जी टिपून ठेवली, तेवढी राहिली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि त्यानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांचं पुस्तक आलं. टिपायची राहून गेली, त्या गाण्यांचं काय झालं असेल?

दुसऱ्या आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या बेबीताई कांबळे. नवरा-बायकोचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला येणारी रद्दी त्या वाचून काढायच्या आणि गिऱ्हाईक नसताना लिहायच्या. घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून! जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ते लिखाण दडवून ठेवलं. पुढे ते 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आज ते जगभर वाचलं जातं. ज्या बाईला मारहाणीची भीती होती, तिनं लपवलं हे समजू शकतं. पण मला कुणाची भीती होती? माझ्या घरात तर "लिहू नकोस" असं कुणी म्हणालंही नव्हतं. मी आपली स्वतःच चोरी केल्यासारखी सगळे झोपायची वाट पाहायची.

उलट जपानचे लेखक हारुकी मुराकामी बघा. कादंबरी लिहीत असले की पहाटे चारला उठतात, पाच-सहा तास लिहितात, मग दहा किलोमीटर धावतात नाहीतर पोहतात आणि रात्री नऊला झोपतात. वाचून मला हसूच आलं. पहाटे चार ते दहा! मधे दूधवाल्याची बेल नाही, "अगं, माझे मोजे कुठे?" नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत! पण हसून झाल्यावर एक गोष्ट मनात राहिली. ते माणूस धावण्याला लिखाणातून पळवलेला वेळ समजत नाही. ते लिखाणाचंच काम समजतं. शरीर टिकलं तर लिखाण टिकेल, इतका साधा हिशेब.

आणि आपला हिशेब? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरचं बिनपगारी काम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि असं काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास विरुद्ध दीड तास. या पावणेपाच तासांतून स्वतःसाठी वेळ उरत नसतो, तो काढावा लागतो. आणि काढायचा तर चोरून काढून चालत नाही. चोरलेल्या वेळेत फार तर लिहून होतं. फिरायला मात्र चोरून जाता येत नाही.

हातात पिशवी घेऊन

पण आमच्यासारख्या गावात बाईनं नुसतं फिरायला जायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. फिजिओथेरपिस्टनं रोज चालायला सांगितलं. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? हातात कापडी पिशवी घेतली! म्हणजे कुणी विचारलंच, तर "भाजीला चाललेय" म्हणता यावं. पहाटे सहाला कुठली भाजी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, नशीब माझं! पण "काय वहिनी, आज कामं आवरली वाटतं?" हे मात्र दोघी-तिघींनी विचारलंच.

आठवडाभर ती रिकामी पिशवी माझ्याबरोबर गणपती घाटापर्यंत फिरली. आठव्या दिवशी मलाच लाज वाटली. गटातल्या बायकांना मी सांगते, "पैसे स्वतःच्या नावावर ठेवा." आणि मला अर्धा तास स्वतःच्या नावावर ठेवता येत नव्हता! पिशवी घरी ठेवली. मुलीनं पुण्याहून बूट आणून दिले. साडीखाली पांढरे बूट! ह्यांना हसू आवरेना. मी म्हटलं, "हसा खुशाल, पण उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करायचा." पहिले चार दिवस चहाला काय चव होती, विचारू नका. आता मात्र माझ्यापेक्षा बरा करतात. (हे पेपरात छापून येईल तेव्हा त्यांना कळेलच!)

सासूबाईंचं मन वळवायला वेळ लागला. "घरात एवढी राबतेस, आणखी कसला व्यायाम?" हा त्यांचा प्रश्न चुकीचाही नव्हता. त्याचं उत्तर मला असं मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं आठवड्यातून किमान १५० मिनिटं तरी थोडा दम लागेल अशी हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम करावा. हालचाल कुठलीही चालते, अगदी घरकामसुद्धा. फरशी घासली, पाण्याच्या कळश्या वाहून आणल्या, तर ते त्यात धरायचंच. पण ओट्यापुढे दोन तास उभं राहण्यानं पाय दुखतात, दम काही लागत नाही. शिवाय पाळी जायच्या सुमारास आणि नंतर आपली हाडं झपाट्यानं विरळ व्हायला लागतात. त्यांना वजन पेलायची सवय ठेवावी लागते. हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही गं." त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही.

आता माझा दिवस कसा असतो? सव्वापाचला उठते. पावणेसहाला घाटाच्या रस्त्यानं चालायला निघते, साडेसहाच्या आत घरी. मग डबे, पूजा, धुणं. अकरा ते साडेबारा लिखाण. हा वेळ मी सगळ्यांना सांगून घेतलाय. कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलंय, दूधवाल्याचा हिशेब लिहितात तसा. दुपारी गटांची कामं. संध्याकाळी स्वयंपाक. रात्री फार तर अर्धा तास तपासणी. अकराला दिवा बंद. रोज असंच होतं का? छे! पाहुणे येतात, गॅस संपतो, गटात भांडण होतं. आठवड्यातले चार-पाच दिवस जमलं तरी मी खूश असते.

ह्यांच्या टेबलाची एक बाजू मी मागून घेतली. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून खाली जाड पुस्तकं ठेवायची होती. मुलगा म्हणाला, "आई, विश्वकोशाचे खंड ठेव." विश्वकोशाचं कार्यालय आमच्याच गावात, त्याचा असा अपमान करवेना! मग माळ्यावरच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या कामी आल्या. टाईप करायला वेगळा कीबोर्ड घेतला. खुर्चीत पाय लोंबकळत होते, तर खाली पाट ठेवला. सगळं मिळून हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत.

अर्ध्या तासाला उठायचं, हे सगळ्यात अवघड. लिहायला लागलं की भान राहत नाही. त्यावर युक्ती अशी: पाण्याची बाटली टेबलावर ठेवायचीच नाही. लहान फुलपात्रं भरून आणायचं. तहान लागली की उठावंच लागतं! फोन आला की उभं राहून बोलायचं. मला फोन किती येतात ते आमच्या गटातल्या बायकांना विचारा. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी खिडकीतून लांबच्या झाडाकडे वीस सेकंद बघायचं. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून जोर काढायचे, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठायचं-बसायचं. (ज्यांना पाठीचं, हृदयाचं किंवा गुडघ्यांचं दुखणं आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. माझं ऐकून सुरू करू नका.)

आणि एक गंमत सांगते. मला भीती होती, फिरण्यात वेळ गेला तर लिखाण कमी होईल. झालं उलटंच. अडलेलं वाक्य चालताना सुटतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन अभ्यासकांनी याच्यावर प्रयोग केले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या आणि चालून येऊन बसल्यावरही त्याचा परिणाम थोडा वेळ टिकला. पण ज्या कोड्याचं एकच नेमकं उत्तर असतं, तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही. माझाही अनुभव तसाच. सुचायचं चालताना, शुद्धलेखन तपासायचं बसून! आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. जात्यावर बसलेल्या बाईचे हात, खांदे, कंबर, सगळं हलत असायचं. लॅपटॉपवर बसलं की मान तेवढी आखडते.

म्होरली बारी

आता राहिलेलं सांगते. माघात मी पडले, ती आषाढ लागला तेव्हा एस. टी.त बसण्याइतकी बरी झाले. आजींसाठी साखर-चहा आणि नवीन वही घेऊन त्या गावी गेले. ओसरीवर त्या नव्हत्या. आत खाटेवर होत्या. वैशाखात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू आणि वाचा गेली होती. मला ओळखलं, डोळ्यांतून पाणी आलं. काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, नुसता आवाज आला. शब्द नाहीत.

एकसष्ट ओव्या माझ्या वहीत होत्या. आणि 'लई हाईत' म्हणाल्या होत्या, त्या त्यांच्या आत राहिल्या.

सून म्हणाली, "मधल्या काळात दोनदा विचारलं त्यांनी, ती लिवणारी पोरगी आली न्हाई का म्हणून." एस. टी.त परत येताना मी सारखा तोच विचार करत होते. रात्री-अपरात्री वाकून बसण्याची सवय मी वेळेत मोडली असती, पहिल्यांदा कंबर कुरकुरली तेव्हाच ऐकलं असतं, तर त्या तीन महिन्यांत मी निदान सहा वेळा तिथे गेले असते. आपण म्हणतो, "माझी दुखणी काय, होतील बरी, आधी बाकीच्यांचं बघू." पण आपल्या शरीरावर नुसता आपला संसार टेकलेला नसतो. कुणाची तरी ओवी, कुणाचा तरी अर्ज, कुणाचं तरी शिकणं त्याच्यावर टेकलेलं असतं. तेव्हापासून चालायला जाताना मला कुणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

मी अजूनही महिन्यातून एकदा जाते. आजींच्या खाटेशी बसते, पण आता खाली मांडी घालून नाही, लाकडी खुर्ची मागून घेते. त्यांच्याच ओव्या त्यांना वाचून दाखवते. गेल्या खेपेला एक ओवी वाचताना मी अडखळले, अक्षर मलाच लागेना. आजींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हात गोल गोल फिरवायला लागल्या, जात्याचा खुंटा धरावा तसा. त्या लयीत मी पुन्हा म्हणून पाहिलं आणि राहिलेला शब्द बरोबर जागेवर आला. सून दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "ताई, मला बी चार-पाच येत्यात. आत्याबाईंच्या ऐकून ऐकून." मी वही उघडली. बासष्टावी ओवी तिनं सांगितली.

पुस्तिकेत आता आठ गावांतल्या तीनशेच्या वर ओव्या झाल्यात. मुद्रितं तपासायची राहिलीत. पण घाई करून रात्र रात्र बसायचं नाही, असं ठरवलंय.

तुमच्यातही कुणी वही लपवून लिहीत असेल. कुणी शिवणाच्या मशीनवर पाठ वाकवत असेल, कुणी शिकवणीच्या वह्या तपासत मान मोडत असेल. एक करून बघा. तीन दिवस लिहून ठेवा, किती वेळ बसता ते. बेरीज बघून घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात चपला घाला आणि निघा. हातात पिशवी घ्यावीशी वाटली तर घ्या, मी काही बोलणार नाही. आठवडाभरानं आपोआप घरी राहील.